‘तुम्ही एजंट का?’

प्रश्न : समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी दोन वर्षांपासून दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या गावांत एका संस्थेसाठी काम करते. जवळा सुकवून विकणाऱ्या एका विधवा बाईंबरोबर निराधार अनुदानासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला गेले असता, लिपिकाने सर्वांसमोर ‘तुम्ही एजंट का?’ असे विचारले आणि उत्पन्न जास्त असल्याचे तोंडीच सांगून अर्ज परत केला. इकडे संस्थेने माझे तीन महिन्यांचे मानधन थकवले आहे; ते मागितले की ‘ही समाजसेवा आहे, नोकरी नव्हे’ असे ऐकावे लागते. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्याने स्वतःच्या पैशांसाठी भांडणे शोभते का?

उत्तर : शोभते. परंतु आधी त्या बाईंचा अर्ज पाहू, कारण तोंडी परत केलेला अर्ज कागदोपत्री आलेलाच नसतो. उत्पन्नाचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. अर्ज पुन्हा द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज नाकारायचा असेल तर कारणे लेखी द्यावी लागतात, त्यावर ३० दिवसांत अपील करता येते आणि सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

खरी अडचण आकड्याची आहे. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये असल्यामुळे लिपिकाचा अंदाज हजार-दोन हजारांनी चुकला तरी बाई अपात्र ठरते. ‘मासळी विकते म्हणजे पैसा आहे’ हा समज किनाऱ्यापासून दूर बसलेल्या माणसाचा असतो. बंदरावरच्या लिलावात टोपली कितीला मिळाली, वाळून किती भरली, मीठ आणि एसटीचे भाडे किती गेले, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत हातात काय राहिले, हे बाईंजवळ बसून एका वहीच्या पानावर मांडा आणि ते पान अर्जाला जोडा.

मात्र तो हिशेब खिडकीपाशी त्यांनीच सांगावा. उमेदीच्या काळात मी एका बाईंची कैफियत साहेबांसमोर अशी रंगवून मांडली की मलाच भरून आले. बाहेर पायरीवर त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही सगळा बरा सांगितलात, पण आमचे हे बुडाले नाय, आजारान गेले.” तेव्हापासून जिची कैफियत आहे ती व्यक्ती आधी बोलते, मी नंतर.

एजंट म्हटल्याचे फार मनाला लावून घेऊ नका. दाखल्यामागे पैसे घेणारी माणसे त्या लिपिकाने रोज पाहिलेली असतात. बाईंच्या सहीचे वा अंगठ्याचे संमतीपत्र आणि संस्थेचे ओळखपत्र समोर ठेवावे. आपल्याकडे समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले, तरीही वकिलांना बार कौन्सिल आहे तशी देशपातळीवरची वैधानिक परिषद सरसकट सर्व सामाजिक कार्यकर्त्यांसाठी नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्त्याची व्याख्या आणि नोंदणी आहे. इतरांना आपली ओळख दर खिडकीवर नव्याने पटवावी लागते. त्यासाठी व्यावसायिक संघटनेचे सभासद होऊन परिषदेची मागणी लावून धरणे हेही तुमच्या कामातच मोडते.

आता मानधन. या शब्दातील मान पुढे करून धन मागे ठेवण्याची सवय आपल्या संस्थांना जुनी आहे. (बँकेच्या रोखपालाला पगार घेणे शोभते का, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.) एकटीने तोंडी मागू नका, सहकाऱ्यांसह विश्वस्तांना लेखी पत्र द्या, नेमणूकपत्र, थकबाकीची तारीख आणि प्रवासखर्च यांविषयी स्पष्ट विचारा. त्याबरोबर आणखी एक पान जोडा : तुमच्या हाती आज किती प्रकरणे अर्धवट आहेत, कोणाचे अपील कोणत्या तारखेपर्यंत करायचे आहे आणि तुम्ही काम सोडलेत तर जवळा सुकवणाऱ्या त्या बाईंना आपला सगळा हिशेब कोणापुढे पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागेल.