नवा टीव्ही बिलातून वसूल होईल का? मनीषनगरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी 2011चा 32 इंची एलसीडी आहे आणि तो रोज सात तास चालतो. बर्डीतल्या दुकानदाराने 43 इंची एलईडी 30,000 रुपयांना, 2,500च्या बारा हप्त्यांवर देऊ केलाय आणि ‘बिल महिन्याला 300 रुपयांनी उतरेल’ असं सांगितलंय. तिथेच 32 इंची 13,000ला आहे. घ्यावा का?

बिल कमी व्हावं म्हणून 43 इंची घेऊ नका. मोठं चित्र हवं असेल तर जरूर घ्या, पण मग तो हौसेचा खर्च समजा आणि साठवलेल्या पैशातून करा.

आधी तुमचा टीव्ही खरोखर किती खातो ते काढू. मागच्या पट्टीवर 150 वॉट लिहिलंय, पण तो जास्तीत जास्त भार असतो, रोजचा वापर नव्हे. महावितरणच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWhसारखा आकडा छापलेला असतो. म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स सुरू ठेवा आणि दहा मिनिटं मोजा. 3200च्या मीटरवर आलेल्या आकड्याला 1.875ने गुणलं की वॉट मिळतात. मग टीव्ही बंद करून नुसत्या बॉक्सचे मोजा आणि वजा करा. मीटरवर आकडा वेगळा असेल तर 6000ला त्या आकड्याने भागून गुणक काढा.

हे मोजमाप बहुतेकदा इन्व्हर्टरमुळे फसतं. बॅटरी चार्ज होत असेल तर तो भार टीव्हीच्या नावावर चढतो. उलट इन्व्हर्टरचा प्लग काढला आणि टीव्ही त्याच्याच लाइनवर असला, तर तो बॅटरीवर चालतो आणि मीटर गप्प राहतं. म्हणून इन्व्हर्टरचा प्लग काढा आणि टीव्ही त्याच्या लाइनवर नसलेल्या पॉइंटला जोडा. फ्रिज आणि राउटर बंद करायला विसरू नका.

समजा दोन्ही मिळून 70 वेळा लुकलुकलं आणि नुसत्या बॉक्सचे 6 आले. म्हणजे टीव्ही 120 वॉट, बॉक्स साधारण 11 ते 12. ट्यूबच्या बॅकलाइटचे जुने एलसीडी एवढं घेतातच.

आता दर. बरेच जण एकूण बिल भागिले युनिट करतात. त्यात स्थिर आकार आणि पहिल्या 100 युनिटांचा स्वस्त दर मिसळतो, म्हणून आकडा चुकतो. टीव्हीची बचत होते ती वरच्या टप्प्यातल्या युनिटांची. त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज करून त्यावर 16 टक्के वीज शुल्क लावा. हिशेबाला मी 101 ते 300च्या टप्प्यात 14 रुपये धरतो आणि कूलर चालतात त्या चार महिन्यांत 300च्या वर 18 रुपये; तुमच्या बिलावरचे आकडे घालून बघा. 300 ओलांडलं की सगळीच युनिटं महाग होतात हा गैरसमज आहे, वरचीच होतात.

120 वॉट, सात तास, तीस दिवस म्हणजे 25 युनिट, सुमारे 353 रुपये. नवा 43 इंची 75 वॉटचा धरला तर जवळजवळ 16 युनिट, 220 रुपये. वाचले 132. दुकानदाराचे 300 वाचायचे तर टीव्ही जवळपास बंदच ठेवावा लागेल! उन्हाळ्याचा दर धरूनही वर्षाला 1,740च्या आसपास, म्हणजे 30,000 वसूल व्हायला सतरा वर्षं. 32 इंची 40 वॉटचा घेतला तर वर्षाला 3,090 वाचतील आणि 13,000 सव्वाचार वर्षांत निघतील. हा सौदा पटण्यासारखा आहे.

आणि एक पैसाही न खर्चता होणारी गोष्ट आहे बॉक्सची. रिमोटने बंद केला तरी तो बहुधा तेवढीच वीज ओढतो. 12 वॉट, रोजचे रिकामे सतरा तास म्हणजे महिन्याला सहा युनिट, 86 रुपये. 43 इंचीच्या बचतीच्या जवळपास दोन-तृतीयांश, निव्वळ भिंतीवरचं बटण दाबून! सकाळी चॅनल लागायला दोन-तीन मिनिटं जातील, एवढंच. चित्राचा ‘व्हिविड’ मोड सोडून ‘स्टँडर्ड’ ठेवला तरी वॉट उतरतात. दिवा मोजून स्वतः पडताळा.

हप्त्यांबद्दल: ‘नो कॉस्ट’ असलं तरी रोखीवरची सूट तुम्ही गमावता, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी. रोख किंमत लेखी घ्या आणि मग हप्त्यांची बेरीज करा. शिवाय 22 सप्टेंबर 2025पासून 32 इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, तेव्हा कोटेशन त्याआधीचं नाही ना, तेही बघा.

43 इंचीच हवा असेल तर त्याच 2,500ची बारा महिन्यांची आरडी आजच सुरू करा. तोवर जुन्याचं पॅनल गेलं तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, जमलेल्या रकमेतून 32 इंची आणा.