‘लाँग’ नेमका किती लांब?

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात आमचे अडत दुकान आहे. हिशोबपट्टीचा प्रोग्राम मी पूर्वी टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या साधनात लिहिला होता. त्यात ८ क्विंटल सोयाबीन ४,२०० रुपये भावाने टाकले की रक्कम उणे ३१,९३६ येते; लिनक्सवर मात्र ३३,६०० बरोबर येते. लिनक्सवर रकमा ‘लाँग’ या मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारात साठवलेली फाइल विंडोजवर वाचली, तर रकमांच्या मध्ये एकाआड एक शून्य दिसते. असे का व्हावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : सी भाषेने ‘इंट’ हा साध्या पूर्णांकांचा प्रकार किमान १६ बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या १६ घरांचा, असावा एवढीच अट घातली आणि पुढचे कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनावर, सोडले. टर्बो सीने १६ बिटच घेतले, त्यामुळे ३२,७६७ ही त्यांची कमाल मर्यादा ओलांडणाऱ्या आपल्या रकमेतून ६५,५३६ वजा झाले आणि शेतकरीच अडत्याचे देणे लागतो असा उफराटा हिशोब निघाला. लिनक्सवरचा इंट ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे २१४ कोटींपर्यंत निभावणारा आहे.

‘रक्कम लाँग करा’ हा सल्ला आपल्याला कोणीही देईल, पण तो अर्धाच आहे. क्विंटल आणि भाव हे दोन्ही इंट असतील तर गुणाकार इंटमध्येच होतो आणि बिघडलेला आकडा मग लाँगमध्ये जाऊन बसतो. म्हणून त्यांपैकी एक तरी गुणाकाराआधीच लाँग करावा लागतो.

फाइलचे दुखणे वेगळे आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ८ बाइटांचा (एक बाइट म्हणजे ८ बिट) असतो, तर विंडोजवर, जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून, तो ४ बाइटांचाच ठेवलेला आहे. त्यामुळे विंडोज एका रकमेचे दोन तुकडे वाचते : पहिल्या चार बाइटांत खरी रक्कम आणि पुढच्या चारांत नुसते शून्य. एखादी रक्कम खरोखरच उणे असेल, तर तिच्यामागे शून्याऐवजी उणे १ दिसेल, पडताळून पाहावे.

सीच्या १९९९ च्या मानकात ‘इंट३२_टी’, ‘इंट६४_टी’ असे नावातच माप सांगणारे प्रकार आले. फाइलीत जाणाऱ्या प्रत्येक आकड्यासाठी तेच वापरावेत. दुकानापुरत्या हिशोबाला तर मी साधी मजकुराची फाइलच पसंत करीन, कारण तिच्यात बाइटांचा प्रश्नच उरत नाही. जुनी फाइल मात्र टाकून देऊ नये. विंडोजवर ती इंट६४_टीने वाचली की रकमा जशाच्या तशा मिळतील. फक्त ती बायनरी पद्धतीने, म्हणजे मजकूर न मानता बाइट जसेच्या तसे वाचले जातील अशी, उघडावी, नाहीतर २६ या किमतीचा बाइट भेटताच विंडोज फाइल तिथेच संपली असे समजते.