प्लास्टिक ‘विरघळत’ नाही

वरूडकडच्या एका संत्रा बागायतदारांनी विचारलं आहे : “ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला नेते. कारखान्यात त्या इरघयून नवा पाइप करतात. त्यात पावडर टाकली की माल घट्ट होते म्हणतात. याले मराठीत काय म्हणावं?”

भाऊ, ‘इरघयून’ हा उच्चार अस्सल वऱ्हाडी, त्याला माझी हरकत नाही. हरकत अर्थाला आहे. ‘प्लास्टिक विरघळवून’ हे बातम्यांत आणि भाषणांत ऐकून कान किटले. विरघळायला द्रव लागतो, वितळायला आच. साखर पाण्यात विरघळते, कोरड्या कढईत वितळते. ठिबकची नळी पॉलिएथिलीनची. ती साध्या पाण्यात काय, रॉकेलमध्येही थंडपणी विरघळत नाही. कारखान्यात ती तापवून वितळवतात. काही कोश या दोन क्रियापदांना एकमेकांचा अर्थ म्हणून देतात. हा सरळ निष्काळजीपणा आहे.

या घराण्यातला खरा देखणा शब्द तिसराच : पाघळणे. लोणी पाघळतं, पावसाळ्यात गूळ पाघळतो. त्याची व्युत्पत्ती ‘प्र + गल्’ अशी सांगणारे बरेच आहेत. मग ‘ग’चा ‘घ’ कुठून आला? याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. माझ्या मते मूळ धातू ‘घृ’. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘क्षरणदीप्त्योः’ असा दिला आहे, म्हणजे पाझरणे आणि झळकणे. पालीत ‘पग्घरति’ म्हणजे पाझरतो, ठिबकतो. आता पायऱ्या मोजा. ‘वग्घ’चा वाघ झाला, तसा ‘पग्घ’चा पाघ. ‘हरिद्रा’ची हळद आणि ‘चत्वारिंशत्’चे चाळीस होताना ‘र’चा ‘ळ’ झाला, तसाच ‘घर’चा घळ. तुमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘पाघयते’, म्हणजे तो धातू वऱ्हाडात आणखी एक पायरी उतरला. आणि याच ‘घृ’पासून घृत, म्हणजे तूप! आच लागताच पाझरणारं आणि झळकणारं. धातूचे दोन्ही अर्थ एका वाटीत. विरघळण्यातला ‘घळ’ही हाच, असं मी ठामपणे मानतो. पुढे लावलेला ‘विर’ विरण्यातला.

राहिली पावडर. ती पेरॉक्साइड नावाचं रसायन असेल तर वितळलेल्या पॉलिएथिलीनच्या साखळ्यांवरचा, म्हणजे त्याच्या लांबलचक रेणूंवरचा, हायड्रोजन ती ओढून घेते. उघड्या पडलेल्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, माल घट्ट होतो. हीच पावडर पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये टाकली तर साखळ्या तुटतात आणि माल उलट पातळ वाहतो. या सगळ्याला ‘वितळस्थितीतली अभिक्रिया’ म्हणा. पेरॉक्साइडच्या जोडीला मॅलेइक अॅनहायड्राइड हे रसायन घालून त्याचा तुकडा साखळीला चिकटवतात, म्हणजे एरवी कशालाच न धरणारं पॉलिएथिलीन नायलॉनला धरून बसतं. त्यासाठी तर नवा शब्द शोधायचीही गरज नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधता ना, तेच : कलम.

एक मात्र भंगारवाल्याला सांगून ठेवा. पावडर जास्त पडून साखळ्यांचं पुरतं जाळं झालं, तर तो पाइप पुन्हा तापवूनही वितळणार नाही. मऊ पडेल, आणखी तापवला तर जळेल. गरम झायलीन या द्रावकात टाकला तरी नुसता फुगेल. विरघळणार तेव्हाही नाही.