व्हिसावर एक तारीख, आय-९४ वर दुसरी: अमेरिकेत कुठली धरायची?

आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवरची. समजा तुमच्या एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर २०२७ आहे आणि आय-९४ त्याच्या वर्षभर आधीच संपतोय, म्हणजे बहुतेक तुमचा पासपोर्टही त्याच दिवशी संपत असणार. काढून बघा. विमानतळावरचे अधिकारी पुष्कळदा पासपोर्टच्या मुदतीपलीकडची तारीख देत नाहीत. व्हिसा दारापर्यंत आणतो. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतो.

मला हे धांदरटपणातून कळलं. पुण्याहून नेवार्कला उतरलो, मुलगी खांद्यावर झोपलेली. तेव्हा पासपोर्टवर शिक्का मारून पेनाने तारीख लिहायचे. मी न बघताच बॅगा घ्यायला पळालो. चार महिन्यांनी लायसन्सच्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "सात आठवड्यांचंच मिळेल, तुमचा आय-९४ तेवढाच उरलाय." पोटात गोळाच आला. घरी येऊन बायकोचा बघितला, तर तिची तारीख तिसरीच!

आधी नवा पासपोर्ट काढायला टाका. तो आला की एक तर देशाबाहेर जाऊन परत या. नवा पासपोर्ट, व्हिसा असलेला जुना आणि आय-७९७ (एच-१बी मंजुरीचा कागद) सोबत ठेवा. किंवा कंपनीकडून एक्स्टेन्शन फाइल करून घ्या, पण आय-९४ संपायच्या आत. मंजुरी आली की त्या कागदाच्या खालच्या भागातच नवा आय-९४ असतो. एच-४ वाल्यांचा, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा, अर्ज वेगळा, आय-५३९. कंपनीच्या अर्जात तो आपोआप येत नाही, इथे बरेच जण फसतात.

"व्हिसा आहे ना, मग कशाला घाबरतोस?" असं गणपतीच्या जेवणात हमखास कुणीतरी सांगतं. ऐकू नका. मुदतीपलीकडे राहिलात की तो व्हिसाच रद्द ठरतो. असं राहणं १८० दिवसांच्या वर गेलं आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा जास्त झालं तर दहा.

आज सीबीपीच्या (विमानतळावर प्रवेश तपासणाऱ्या अमेरिकी खात्याच्या) साइटवरून घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ उतरवून घ्या. कंपनीच्या वकिलाला मेल करताना त्याच्यासोबत पासपोर्टचं पहिलं पान आणि आय-७९७ जोडा, म्हणजे उलटसुलट मेलांमध्ये आठवडा जाणार नाही.