व्याज शून्य लावायचं की फंक्शनने नकार द्यायचा?

प्रश्न : मी ऐरोलीत नोकरी करते. आमची टीम हाउसिंग सोसायट्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बनवते. थकबाकीवरचं व्याज काढणारं फंक्शन (प्रोग्रॅममधला एकच काम करणारा तुकडा) माझ्याकडे आलंय. त्याला थकीत रक्कम, वार्षिक दर आणि उशिराचे दिवस द्यायचे. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत दर १८ च्या जागी १८० टाकला गेला आणि बिलं तशीच छापली गेली. आमचे टीम लीड म्हणतात, "हद्दीबाहेरचं काही आलं तर शून्य परत कर, नाहीतर कमाल मर्यादेवर आणून सोड. एरर दिसली की क्लायंटचा फोन येतो." मला एक्सेप्शन टाकणं, म्हणजे काम तिथेच थांबवून चूक जाहीर करणं, बरोबर वाटतं. पण मग प्रत्येक फंक्शनमध्ये सगळंच तपासत बसायचं का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : मी नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. तुमच्या फंक्शनसारख्यांनी काढलेला आकडा हातात घेऊन वार्षिक सभेत शिव्या खाणारा माणूस मीच. त्यामुळे माझं मत कुठे झुकणार ते उघड आहे.

शून्य नको. वेळेवर पैसे भरणाऱ्याचं व्याजही शून्यच येतं. मग हे शून्य हिशेबातून आलं की चुकीतून, हे बिलावरून कळणार कसं? सी भाषेतलं जुनं एटोआय, म्हणजे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन, असंच वागतं. नुसती अक्षरं द्या, शून्य. खरंखुरं शून्य द्या, तरी शून्य.

मर्यादेवर आणून सोडणं तर त्याहून वाईट. सोसायट्यांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर कमाल द.सा.द.शे. २१ टक्के सरळ व्याज आहे. तुमच्या सोसायटीचा ठराव १८ चा. आता ५०,००० रुपये वर्षभर थकले, तर १८० टक्क्यांनी ९०,००० व्याज येईल आणि बिल बघताच सभासद ऑफिसात येऊन टेबल बडवेल. फंक्शनने गुपचूप २१ धरलं, तर व्याज १०,५००. खरं हवं होतं ९,०००. हे १,५०० जास्तीचे कुणाच्या नजरेला टोचणारच नाहीत, ऑडिटरच्याही नाहीत. चूक होती तशीच राहिली, फक्त सभ्य कपड्यांत आली. मायएसक्यूएल हा डेटाबेस असंच करायचा: सक्त मोड नसला की टायनीइंटच्या (फार तर १२७ मावणाऱ्या) रकान्यात ३०० घातले तर १२७ ठेवून नुसती वॉर्निंग द्यायचा. ५.७ आवृत्तीपासून सक्त मोड आपोआप चालू असतो, तो उगाच नव्हे. आवाजाच्या स्लायडरला कमाल मर्यादेवर थांबवा, कुणाचं काही जात नाही. पैशांना नको.

दिवसांचं मात्र जरा थांबून बघा. उशिराचे दिवस उणे १२ आले, म्हणजे मुदत अजून संपलेली नाही. हे चुकीचं आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेला आकडा) आहे का? मी म्हणेन, इथे व्याज शून्य हेच खरं उत्तर आहे. पण ते ठरवून, फंक्शनच्या वर लिहून ठेवून. आधी तारखा मात्र नीट आहेत ना ते बघा: जावास्क्रिप्टच्या डेटला वर्ष, महिना, दिवस असे वेगवेगळे आकडे देऊन ३० फेब्रुवारी २०२५ मागितली, तर तो तक्रार न करता २ मार्च देतो. पायथन भाषेत तिथल्या तिथे व्हॅल्यूएरर हे एक्सेप्शन येतं. मला पायथनचा फटकळपणा आवडतो.

सगळीकडे तपासायची गरज नाही. माल जिथून आत येतो तिथे कडक राहा: स्क्रीन, एक्सेल फाइल, दुसऱ्या सिस्टिमची एपीआय (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी डेटा देण्याघेण्याची वाट). तिथला संदेश मॅनेजरला समजेल असा हवा: "व्याजदर ० ते २१ मध्ये हवा, तुम्ही १८० टाकला आहे." हे २१ कोडमध्ये पेरू नका, सेटिंगमध्ये ठेवा, नियम बदलतात. व्याजाच्या फंक्शनमध्येही दर एकदा तपासाच, कारण त्याला उद्या कोण कुठून बोलावेल सांगता येत नाही. त्याच्या पोटातल्या छोट्या फंक्शनांना असर्ट (हे खरं असलंच पाहिजे, असं कोडमध्ये लिहिलेली तपासणी) पुरे. बाहेरून आलेला डेटा मात्र असर्टच्या भरवशावर सोडू नका. जावात ते मुळात बंदच असतात आणि पायथन -ओ हा पर्याय लावून चालवला की गळून पडतात.

टीम लीडची भीती मी उडवून लावत नाही. ४ जून १९९६ ला एरियन ५ या युरोपच्या रॉकेटचं पहिलंच उड्डाण साधारण ४० सेकंदांत संपलं. ६४ बिटांचा फ्लोट (दशांश चिन्हाचा आकडा) १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही, एक्सेप्शन आलं, ते झेलायला तिथे कुणी नव्हतं आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. तेव्हा नुसतं एक्सेप्शन टाकून मोकळं होऊ नका, कोण झेलणार तेही ठरवा. एका फ्लॅटची नोंद बिघडली म्हणून अख्ख्या सोसायटीची बिलं अडायला नकोत. तो फ्लॅट बाजूला काढा, बाकीची बिलं बनवा आणि शेवटी राहिलेल्यांची यादी कारणासकट मॅनेजरसमोर ठेवा. फोन येईल, पण बिलं वाटण्याआधी येईल. दरच चुकीचा असेल, तर मात्र एकही बिल निघता कामा नये.

अट लिहिताना एक खोच सांभाळा. "दर शून्याहून कमी किंवा २१ हून जास्त असेल तर नकार" असं लिहिलंत, तर नॅन ("हा आकडाच नाही" असं सांगणारी खास किंमत) सुखरूप आत शिरेल. त्याच्याशी केलेली लहान-मोठ्याची प्रत्येक तुलना खोटीच ठरते. एक्सेलचा रिकामा खाना पँडास या पायथनच्या लायब्ररीने वाचला की हाच पाहुणा येतो. म्हणून अट उलटी लिहा: दर ० ते २१ मध्ये नसेल तर नकार. टेस्टमध्ये उणे ०.०१, २१.०१ आणि नॅन नापास व्हायला हवेत, आणि ० व २१ पास. शेवटचे दोन विसरलात, तर व्याजच न लावणाऱ्या सोसायट्यांचे फोन सुरू होतील.