बी.कॉम. झाल्यावर 32 व्या वर्षी नर्सिंगला जायचं तर जीएनएम करावं की बी.एस्सी.?

ताई, तुम्ही लिहिलंय की बारावी कॉमर्स, मग बी.कॉम., सध्या कोल्हापुरातच एका पतसंस्थेत क्लार्क, वय 32, मुलगी शाळेत जाते, आणि मनात नर्सिंग आहे. माझं म्हणणं सरळ सांगते. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला जा, आणि शक्य असेल तर याच वर्षी जा.

मी स्वतः लग्नानंतर जीएनएम केलं. त्याआधी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड दुकानात हिशेब लिहायचे. नोकरी करताकरता अर्जांची जुळवाजुळव केली आणि पुढे पोस्ट बेसिकही, म्हणजे जीएनएमनंतरची बी.एस्सी.ही केली. आता राजारामपुरीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा वाटला.

पहिली गोष्ट, बी.कॉम.चा इथं प्रवेशासाठी उपयोग नाही. अमेरिकेत दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना कमी मुदतीत नर्सिंगची पदवी घेता येते, आणि ते व्हिडिओ बघून बऱ्याचजणी चौकशी करतात. आपल्याकडे तशी वाट नाही, सगळं बारावीवर ठरतं. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या गटाला 45 टक्के लागतात आणि वर सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. म्हणजे तुम्हाला आधी सायन्सचे विषय घेऊन पुन्हा बारावी, मग सीईटी, मग चार वर्षं. सगळं सुरळीत झालं तरी हातात पदवी येईपर्यंत 37-38 वय होईल. त्यात प्रवेशाची वयोमर्यादा 35 आहे, म्हणजे एखादं वर्ष हुकलं की तो दरवाजाही बंद.

जीएनएमला सायन्सला प्राधान्य असलं तरी आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना प्रवेश मिळतो. बारावीला इंग्रजी आणि 40 टक्के हवेत. कोर्स तीन वर्षांचा. इथंही वयाची अट 35 च, म्हणून 'याच वर्षी' म्हटलं. पस्तिशीत तुम्ही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या नर्स असाल. राज्य सरकारच्या भरतीत वयोमर्यादा साधारण खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 असते. अधिपरिचारिकेचं, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचं मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं. हे गणित मांडूनच निर्णय घ्या. एम्सच्या भरतीची मर्यादा मात्र 30 आहे, त्यामुळे तो विचार सोडून द्या.

जीएनएम म्हणजे दुय्यम, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. जीएनएम असो की बी.एस्सी., नोंदणी दोघींचीही नर्स आणि मिडवाइफ म्हणूनच होते, आणि वॉर्डात ड्युटी एकच. फरक पुढे पडतो, शिकवायला जायचं असेल, एम.एस्सी. करायचं असेल तेव्हा. त्यासाठी जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. तेही हजेरी लावूनच करावं लागतं, पण तोवर तुमच्या हाताला काम लागलेलं असतं.

आता फसवणुकीबद्दल, कारण याचा मला फार राग येतो. 'सहा महिन्यांत नर्स व्हा', 'घरबसल्या नर्सिंग' अशा पाट्या आपल्याकडे जागोजागी दिसतात. हजारो रुपये भरून मुली तो कोर्स करतात आणि शेवटी कळतं की नोंदणीच होत नाही. मग त्याच मुली तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास राबतात. कॉलेज बघताना इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्य कौन्सिलच्या वेबसाइटवर त्याचं नाव चालू वर्षाच्या यादीत आहे का, हे स्वतः बघा. एजंट दाखवतो ती झेरॉक्स धरू नका.

त्यानंतर बघायचं ते हॉस्पिटल. इमारत चकाचक आहे आणि वॉर्ड रिकामे, अशा ठिकाणी तीन वर्षं घालवून हात तयार होत नाहीत. नियमाने एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट असायला हवेत. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एकदा दुपारी चक्कर मारून बघा, सिंधुदुर्गापासून सीमाभागातल्या कर्नाटकापर्यंतचे पेशंट तिथं येतात. एवढी वर्दळ जिथं असेल तिथंच शिकायला मिळतं.

तुमच्या नोकरीचा उपयोग कुठं होईल तेही सांगते. आयसीयूत दर तासाला पेशंटच्या पोटात काय गेलं, सलाईन किती, लघवी किती, ड्रेनमधून किती आलं हे लिहून मेळ घालायचा असतो. रोजकीर्द जुळवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. सलाईनचंही तसंच. 500 मिली आठ तासांत द्यायचंय, सेट 20 थेंबांना एक मिलीचा, तर मिनिटाला किती थेंब? 500 गुणिले 20, भागिले 480, म्हणजे 21. मग घड्याळ हातात धरून, चेंबरकडे बघत, रोलर हळूहळू फिरवून तेवढे थेंब लावायचे. कॉमर्सच्या मुली यात कधी मागे पडत नाहीत.

जड जाईल ते पहिलं वर्ष. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, आणि पुस्तकं इंग्रजीतली. प्रवेशाच्या आधीचे दोन-तीन महिने अकरावी-बारावीचं बायोलॉजीचं पुस्तक आणून रोज थोडं वाचा, शब्दांची भीती जाईल.

आणि घर. कोर्समध्ये रात्रपाळी येते, काही पोस्टिंग बाहेरगावी असतं. आमच्या बॅचला मनोरुग्ण विभागासाठी रत्नागिरीला राहावं लागलं होतं. पतसंस्थेची नोकरी सोडावी लागेल, तीन वर्षं तुमचा पगार घरात येणार नाही. रात्री मुलीजवळ कोण, शाळेचा डबा कोण करणार, हप्ते कसे भागणार, हे मिस्टरांशी आणि सासूबाईंशी आत्ताच, आकडे मांडून बोला. फीसाठी महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर शिष्यवृत्ती बघा. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला लागू असेल तर आजच काढायला टाका, तहसीलला वेळ लागतो. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्रही लागेल.

प्रवेश घेण्याआधी एक काम नक्की करा. जे कॉलेज डोक्यात आहे त्याच्या हॉस्पिटलच्या गेटपाशी दुपारी दोनला उभ्या राहा. सकाळपाळी सुटली की पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवून (ओव्हर देऊन) मुली बाहेर पडतात. त्यांना विचारा, आज किती पेशंट हाताळलेत, इंजेक्शन तुम्ही स्वतः देता का नुसतं बघता, आणि ऑफिसने तुमची मूळ कागदपत्रं परत दिली का. सीनियर मुली खरं सांगतात.