छावणीत पहिल्यांदा जाताना

युद्धग्रस्त भागातल्या विस्थापितांच्या छावणीत मदतीला पहिल्यांदाच निघालायस, तर जुन्या कपड्यांची गाठोडी नेऊ नकोस. गोदामात ती औषधांची जागा अडवतात. आधी पाणी बघ. 'स्फिअर' या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे माणशी दिवसाला किमान 15 लिटर, एका नळावर फार तर 250 माणसं. पण आकडे जुळले तरी शौचालय लांब, अंधारात असेल तर बायका संध्याकाळनंतर पाणी पिणंच टाळतात. हे तक्त्यात दिसत नाही, विचारावं लागतं, आणि तेही शक्यतो एखाद्या स्वयंसेविकेनं. मुलांचे फोटो नकोत. वाटेत अनोळखी धातूची वस्तू दिसली तर हात लावू नकोस, आल्या पावली मागे फिर आणि सुरुंग काढणाऱ्या पथकाला कळव. आणि हो, झोप काढ. पहिल्या खेपेला मी चौथ्याच दिवशी आडवा झालो होतो.